ट्रॉम्सो ते लाँगइयरबीन: अंतर आणि विमानाचा वेळ (मदत हवी आहे)

उत्तर नॉर्वेतलं ट्रॉम्सो ते नॉर्वेच्याच स्वालबार्ड बेटांवरचं लाँगइयरबीन, हवाई अंतर नक्की किती? जगाच्या नकाशावर पट्टीने मोजलं तर साडेतीन हजार किमी येतात, पण विमानाच्या वेळापत्रकात दोन तासही दिसत नाहीत. मार्चमध्ये चौघे जाणार आहोत, भारतीय पासपोर्ट, शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बहुतेक देशांना चालणारा सामाईक व्हिसा) अजून काढायचा आहे. जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १
वेळापत्रक बरोबर आहे, घोळ नकाशाचा आहे. मर्केटर नकाशा (जगाचा नेहमीचा आयताकृती नकाशा) ध्रुवाकडे ताणला जातो: ७० अंश अक्षांशावर जवळपास तिप्पट, ७८ अंशांवर पावणेपाच पट. विषुववृत्ताची मापपट्टी तिथे लावली की साडेतीन हजारच येणार.

हाताने काढायचं तर ट्रॉम्सो ६९.६५ उत्तर, लाँगइयरबीन ७८.२२. फरक ८.५७ अंश. अक्षांशाचा एक अंश तिकडे साधारण १११.५ किमी, म्हणजे ९५५. रेखांशात ३.३ अंशांचा फरक आहे, पण तिथे एक अंश जेमतेम ३० किमीचा, त्यामुळे आडवं अंतर शंभराच्या आतच. काटकोन त्रिकोण मांडा, सुमारे ९६० किमी. मुंबई-दिल्लीपेक्षा कमीच!

ताशी ८०० किमीने ७२ मिनिटं. चढणं, उतरणं, धावपट्टीपर्यंत जाणं यांची २५ धरा. पावणेदोन तासांच्या आतबाहेर. दोन्हीकडे घड्याळ एकच.

प्रतिसाद २
अंतरापेक्षा व्हिसा जास्त महत्त्वाचा, तो आधी बघा. स्वालबार्डला व्हिसा लागत नाही, पण ते शेंगेनच्या बाहेर आहे. ट्रॉम्सोहून निघालात की शेंगेनमधून बाहेर पडलात, आणि परत येताना ती दुसरी एंट्री. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा असेल तर परतीला अडकाल. अर्जातच दोन किंवा अनेक प्रवेश मागा आणि व्हिसा हातात आला की त्यावरचा प्रवेशांचा आकडा चौघांचाही तपासा.

ऑस्लोहून ट्रॉम्सोमार्गे जाणारं विमान असेल तर पासपोर्ट तपासणीसाठी ट्रॉम्सोला उतरावं लागतं. हातातलं सामान घेऊनच उतरा.

प्रतिसाद ३
+१. एक भर: धुकं किंवा वारा असला तर विमान न उतरता मुख्य भूमीकडे परत फिरू शकतं. स्वालबार्डमध्ये प्रवासी जेट उतरेल अशी दुसरी धावपट्टी नाही. त्यामुळे परतीच्या दिवशीच पुढचं आंतरराष्ट्रीय विमान ठेवू नका, मध्ये एक रात्र मोकळी हवीच.

धागाकर्ता
मनापासून आभार. दोन प्रवेशांचं माहीतच नव्हतं. जहाजाने जाता येईल का?

प्रतिसाद ३
नियमित प्रवासी बोट नाही, फक्त पर्यटन जहाजं, तीही मुख्यतः उन्हाळ्यात. मार्चमध्ये विमानच. विमानतळ गावापासून पाचेक किमी आहे, बसने किंवा टॅक्सीनेच जा. गावाच्या हद्दीबाहेर ध्रुवीय अस्वलांचा धोका असतो, तिथे सशस्त्र वाटाड्याशिवाय फिरू नका.