'ऑथॉरिटी'ला मराठीत काय म्हणावं?

रानजाई : इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्जच्या 'लेव्हायथन' (१६५१) या राज्यसत्तेवरच्या ग्रंथाचं सोळावं प्रकरण मराठीत आणतेय आणि चार दिवस एकाच शब्दापाशी अडलेय. प्रत्यक्ष बोलतो-वागतो तो 'ॲक्टर', आणि ते बोलणं-वागणं ज्याच्या मालकीचं तो 'ऑथर', असं हॉब्ज सांगतो. कृती करण्याचा हा हक्क म्हणजे 'ऑथॉरिटी'. मी 'अधिकार' लिहिलं. पण 'राइट' आणि 'पॉवर' यांनाही हात आपोआप 'अधिकार'कडेच जातो. 'ऑथर'ला 'कर्ता' म्हटलं, तर मसुदा तपासणाऱ्या बाईंनी विचारलं, "कर्ता तर ॲक्टर ना?"

दस्तलेखक : बाई बरोबर बोलल्या. एकत्र कुटुंबाचा कर्ता सही करतो आणि बांधलं जातं सगळं घर. तो हॉब्जचा ॲक्टरच झाला. मी अठ्ठावीस वर्षं दस्त लिहिले. कुलमुखत्यारपत्रात, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायचा हक्क दुसऱ्याला देणाऱ्या दस्तात, आम्ही लिहायचो, मुखत्याराने केलेलं सगळं आम्ही स्वतः केलं असं समजावं. हॉब्ज हेच सांगतोय. ऑथर म्हणजे 'लिहून देणार', ॲक्टर म्हणजे 'मुखत्यार', ऑथॉरिटी म्हणजे 'मुखत्यारी'.

मृद्गंध : वा! आणि हॉब्ज त्याच प्रकरणात 'पर्सन' शब्द लॅटिन 'पर्सोना'वरून, म्हणजे नटाच्या मुखवट्यावरून आणतो. मुखत्यारातही 'मुख' आहेच. दुसऱ्याच्या तोंडाने बोलणारा!

जुनीमोडी : जुळणी सुंदर आहे, पण चुकीची. मुखत्यार मूळ अरबी 'मुख्तार', निवडलेला. फारसीतून आपल्याकडे आला. 'अखत्यार' त्याच धातूचा. "हे माझ्या अखत्यारीत नाही" म्हणतो तोच.

स्वभाषा : मग परका शब्द कशाला? शिवाजी महाराजांनी कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो यासाठीच. 'प्राधिकार' लिहा.

जुनीमोडी : 'प्राधिकार' वाचला की डोळ्यांपुढे प्राधिकरणाची कचेरी उभी राहते, खिडकी आणि रांग. मुखत्यारपत्र खेड्यातल्या म्हातारीलाही कळतं. तीनशे-चारशे वर्षं वापरलेला शब्द परका कसा?

स्वभाषा : कळतो म्हणून तोच ठेवायचा, तर नवा शब्द कधीच रुजणार नाही. 'महापौर', 'दिनांक' रुजलेच ना? वापरले म्हणून रुजले.

रानजाई : माझी अडचण वेगळी आहे. मुखत्यारपत्र सहसा रद्द करता येतं. हॉब्जच्या प्रजेला ती सोय नाही. लोक करार करतात तो एकमेकांशी, सार्वभौमाशी, म्हणजे सर्वोच्च सत्ताधाऱ्याशी, नाही. त्यामुळे त्यानं करार मोडला असं म्हणायलाच जागा उरत नाही. शिवाय त्याचं प्रत्येक कृत्य तुमचंच, मग त्यानं अन्याय केला अशी तक्रार कुणाविरुद्ध करणार?

दस्तलेखक : मग 'अप्रतिसंहरणीय मुखत्यारी' म्हणा, म्हणजे रद्द न करता येणारी. तसेही दस्त होतात.

उंबरठा : नको, वाक्याचा जीव जाईल. आमची आजी म्हणायची, "बोलविता धनी वेगळाच." हॉब्ज स्वतः सांगतो, मालमत्तेच्या बाबतीत ज्याला मालक, लॅटिनमध्ये 'डॉमिनस', म्हणतात त्यालाच कृतीच्या बाबतीत ऑथर म्हणतात. मालक म्हणजे धनी! ऑथर म्हणजे 'करविता धनी'.

स्वभाषा : हे मला पटलं. पण धनी वरचा असतो. हॉब्जचा ऑथर म्हणजे साधी रयत.

उंबरठा : म्हणून तर तो शब्द हवा. पुस्तकाच्या सुरुवातीचं चित्र आठवा. डोंगराआडून उठलेला राजा, एका हातात तलवार, दुसऱ्यात धर्माधिकाऱ्याचा दंड, आणि त्याचं धड नि हात असंख्य माणसांचे बनलेले. सगळी पाठमोरी, त्याच्याकडे पाहणारी. धनी ती आहेत आणि दिसतो मात्र तो. १६४९ मध्ये इंग्लंडात राजाचं डोकं उडवलं, त्यानंतर दोन वर्षांनी पॅरिसमध्ये बसलेला माणूस हे छापून घेतो. 'प्राधिकार'मध्ये यातलं काय येतं?

मृद्गंध : तुकोबांच्या अभंगात मात्र 'बोलविता' नाही. साळुंकी मंजुळ बोलते, 'शिकविता धणी वेगळाची'.

उंबरठा : आजी 'बोलविता'च म्हणायची. आणि 'धनी', 'ण' नाही.

जुनीमोडी : अभंगाच्या काही प्रतींत 'धणी' आहे, काहींत 'धनी'. माझ्याकडच्या दोन प्रतींतच एकमत नाही.

रानजाई : 'करविता धनी' घेतला तरी ऑथॉरिटीचं काय? 'धनीपण'?

दस्तलेखक : आमच्याकडे बायका नवऱ्याला 'धनी' म्हणायच्या. वाचणाऱ्याला आधी तेच आठवेल.

मृद्गंध : घरधनी! त्यातला धनी हाच का?