मदत हवी आहे: हाडांत काही नाही, तरी बाबांचं कॅल्शियम कशाने वाढलं?

बाबांना फुप्फुसाचा कॅन्सर आहे, स्क्वॅमस प्रकारचा. आठ दिवस झाले, त्यांची तहानच भागत नाही. उशाशी ठेवलेली बाटली रात्रीतून दोनदा भरावी लागते, सारखे लघवीला उठतात, पोट मात्र साफ होत नाही. आम्ही सगळं केमोवर ढकललं. परवा शर्टाची बटणं लावता लावता थांबले आणि तसेच बसून राहिले. पुढचं बटण कुठलं ते सुचेना. घाबरून लगेच ॲडमिट केलं.

कॅल्शियम १२.४ आलं. अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन, बरंचसं कॅल्शियम त्याला चिकटून असतं) कमी, २.८ आहे, म्हणून खरा आकडा १३.४ च्या आसपास धरायचा, असं डॉक्टर म्हणाले. सलाईन चालू आहे, हाडांतून कॅल्शियम सुटणं रोखणारं झोलेड्रोनिक ॲसिड दिलंय. पीटीएच (कॅल्शियम वाढवणारं पॅराथायरॉईड ग्रंथींचं हार्मोन) अगदी कमी, बोन स्कॅन स्वच्छ. मग हे कॅल्शियम आलं कुठून? आई सारखी विचारते, "माझ्याकडून दूध जास्त दिलं गेलं का रे?" तिला काय सांगू?

प्रतिसाद:
आईंना आधी सांगा, दुधाचा यात काही दोष नाही. मी कॅन्सर वॉर्डात नर्स आहे. जे हाताने करून घालतं, त्याच्याच तोंडी हा प्रश्न येतो आणि दर वेळी जीव तुटतो.

हाडांत गाठी नसताना असं होणं नेहमीचंच आहे. कॅन्सरमुळे कॅल्शियम वाढलेल्या साधारण ८० टक्के पेशंटांत कारण असतं पीटीएचआरपी नावाचं प्रथिन. ते गाठीतूनच रक्तात सुटतं आणि पीटीएचसारखंच वागतं: हाडांतलं कॅल्शियम सोडवतं, वर किडनीला ते बाहेर टाकू देत नाही. रक्तात एवढं कॅल्शियम पाहून पॅराथायरॉईड ग्रंथी स्वतःचं काम आवरतं घेतात, म्हणून पीटीएच कमी. स्क्वॅमसमध्ये हे बरंच दिसतं. मायलोमात (हाडांच्या मज्जेतल्या कॅन्सरात) किंवा हाडांत पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये मात्र हाड जागच्या जागी पोखरलं जातं. काही लिम्फोमांत (लसिका ग्रंथींच्या कॅन्सरांत) व्हिटॅमिन डीचं सक्रिय रूप जास्त बनतं.

कॅल्शियम चढलं की किडनीला पाणी धरून ठेवता येत नाही. अंग कोरडं पडतं, त्याने कॅल्शियम आणखी चढतं. म्हणून सलाईन आधी. झोलेड्रोनिकचा गुण यायला दोन-चार दिवस लागतात. कॅल्शियम-डीच्या किंवा बीपीच्या थायाझाइड गोळ्या चालू असतील तर त्यांनीही कॅल्शियम चढतं, आजच डॉक्टरांच्या कानावर घाला.

धागाकर्ता:
बीपीच्या पट्टीवर आत्ता वाचलं, हायड्रोक्लोरोथायाझाइड आहे. पट्टी घेऊन वॉर्डात निघालोय. आईला दुधाचं सांगितलं. किती तरी वेळ रडली.