कॉर्न स्नेकसाठी स्वस्तात पेटी कशी करायची? (यूके)

रेडिंगकर:
नमस्कार मंडळी, मुलगी १२ वर्षांची आहे, गेलं वर्षभर साप पाहिजे म्हणून डोकं खातेय. आता ऑफिसमधला एकजण कॉर्न स्नेकचं पिल्लू द्यायला तयार आहे, साधारण फूटभर लांब. दुकानात चौकशी केली तर पूर्ण सेटचे ३०० पौंडांच्या वर सांगतायत. गॅरेजमधे दोन फुटी जुना फिश टँक पडलाय, तो चालेल का? आणि हीट मॅट (पेटीखाली लावायची विजेची गरम चटई) डायरेक्ट प्लगला लावली तर काय होतं? अजून एक, घरात आम्ही सगळे शाकाहारी, त्यामुळे ते फ्रोजन उंदीर प्रकरण कसं जमवायचं तेही सांगा. आईला अजून काही बोललेलो नाही, ती जूनमधे येतेय 😅

शेपटीवाला:
टँक पिल्लाला चालेल पण झाकण हवं, बारीक जाळीचं आणि चारी बाजूंनी क्लिपा लागणारं. कॉर्न स्नेक पळण्यात एक नंबर, डोकं शिरलं की बाकीचा साप आपोआप बाहेर. वर पुस्तकं ठेवून भागत नाही. तीन बाजूंना बाहेरून काळा कागद लावा, सगळीकडून उघडं असलं की बावरतो आणि खाणं सोडतो. टँक नको असेल तर क्लिपवाला मोठा प्लास्टिकचा टब आणायचा, सोल्डरिंग आयर्नने आतून बाहेर भोकं पाडायची म्हणजे धारदार कडा आत राहत नाहीत. पिल्लाला टबच बरा खरं तर.

पण थर्मोस्टॅटला (ठरावीक तापमान राखणारं यंत्र) पैसे वाचवू नका!! डायरेक्ट प्लगला लावलेली मॅट तापतच राहते, सापाला पोटाखालचा चटका वेळेवर कळत नाही, तो तिथेच बसून भाजून घेतो. मॅटला साधा ऑन-ऑफ थर्मोस्टॅट पुरतो. मॅट एका टोकाला, बाहेरून तळाखाली, तळाचा तिसरा हिस्सा झाकेल एवढीच. प्रोब (थर्मोस्टॅटचं तापमान मोजणारं टोक) मॅट आणि टबच्या मधे घट्ट बसवायचा आणि आतली जमीन २८ ते ३० डिग्री येईपर्यंत सेटिंग कमीजास्त करायचं. दुसरं टोक २२-२४ ला राहू द्या, त्याला गरम वाटलं की तो तिकडे सरकतो. हे सगळं साप यायच्या आधी दोन-तीन दिवस चालवून बघा. आणि आत सेलोटेप अजिबात नको, खवल्यांना चिकटली तर सोडवताना हाल होतात.

निवांत_काकू:
आमच्याकडे लेकाचा आहे, म्हणजे नावाला लेकाचा, साफसफाई माझ्याकडे. लपायला दोन जागा द्या, एक गरम बाजूला एक गार बाजूला, नाहीतर लपण्यासाठी तो ऊब सोडून देतो. सिरिअलचा खोका चालतो, घाण झाला की रिसायकलिंगमधे. खाली अस्पेनचा भुसा नाहीतर किचन रोल, पण देवदार-पाइनचा भुसा नको, त्याचा वास बाधतो. पाण्याचं भांडं जड घ्या, कात टाकायच्या वेळी ओलं मॉस (शेवाळ) घातलेला एक डबा.
उंदरांसाठी घट्ट झाकणाचा वेगळा डबा करा, फ्रीझरच्या खालच्या कप्प्यात, पनीरच्या शेजारी नको 😄 रात्री उंदीर फ्रिजमधे काढून ठेवायचा आणि सकाळी पिशवीसकट कोमट पाण्यात, मायक्रोवेव्ह कधीच नाही. हाताळल्यावर हात साबणाने धुवायचे, साल्मोनेला (पोट बिघडवणारे जंतू) असतो. आईंना मात्र आधी सांगा हो, फ्रीझर त्याच उघडणार!

रेडिंगकर:
काकू 😂 सांगतो. पुढे मोठी पेटी लागेल ना? सेकंड हँड लाकडी विव्हेरियम स्वस्तात दिसतायत.

शेपटीवाला:
लागणार. पूर्ण वाढला की चार-पाच फूट होतो आणि १५-२० वर्षं जगतो, तेव्हा चार फूट बाय दोन फूट धरून चाला. सेकंड हँड घ्याच, फक्त कानाकोपऱ्यात माइट्स (सापाला लागणारे बारीक किडे) बघा आणि सापांना चालणाऱ्या जंतुनाशकाने धुवून पूर्ण वाळवा. लाकडी पेटीखाली मॅट लावू नका, लाकूड उष्णता वर येऊच देत नाही. तिथे वरून सिरॅमिक हीटर, जाळीचं गार्ड आणि त्यालाही थर्मोस्टॅट (पल्स टाइपचा, म्हणजे वीज थोड्या थोड्या झटक्यांत सोडणारा, ऑन-ऑफवाला नको). तुमच्याकडे हिवाळ्यात रात्री हीटिंग बंद असतं ना, मॅट हवा गरम करत नाही, मग लाकडी पेटीच बरी पडते.

गावरान_सांगली:
भारी माहिती. आमच्या शेतात धामण आहे मोठी, अशीच पेटी करून ठेवली तर?

शेपटीवाला:
नाही भाऊ. भारतातले साप १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली आहेत, धामणसुद्धा, घरात ठेवणं गुन्हा आहे. आणि ती शेतातले उंदीर फुकट खातेय, कशाला उचलताय. घरात शिरली तर १९२६ ला फोन करा, वनविभागाची हेल्पलाइन आहे.

गावरान_सांगली:
ओके ओके, राहू दे तिथंच.