‘लवचिक’ की ‘स्थितिस्थापक’?

हिंगणा रोड : एका वर्कशॉपचं माहितीपत्रक मराठीत करतोय. थ्रीडी प्रिंटरवर टीपीयूचे (रबरासारखं वाकणारं प्लॅस्टिक) बुश, ग्रिप बनवतात. मजकूर असा : तुकडा फ्लेक्सिबल आहे, टफ आहे, पण पूर्ण इलॅस्टिक नाही, फार ताणला तर सोडल्यावरही थोडा लांबलेलाच राहतो. मालक म्हणतात, “लवचिक आहे पण लवचिक नाही, असं छापू का?” शब्द सुचवा.

धरमपेठी : वाकतं ते लवचिक, मूळ आकारात परत येतं ते स्थितिस्थापक. शाळेतच शिकवतात. भौतिकशास्त्रात तर पोलाद रबरापेक्षा जास्त स्थितिस्थापक!

इतवारीवाला : आमच्या गल्लीत येऊन सांगा बरं हे. चड्डीत इलॅस्टिक घालतात भाऊ, स्थितिस्थापक नाही. गिऱ्हाइकाले समजते तेच लिहा.

धरमपेठी : मग पत्रक मराठीत करताच कशाला?

यंत्रवाली : भांडा, पण ‘कडक’ यात ओढू नका, तो वेगळा गुण. त्याला शोर आकडा असतो. ८५ ए पेक्षा ९५ ए कडक. ९५ ए सुद्धा तुटेपर्यंत ४००-५०० टक्के लांबू शकतं, पण प्रिंटर थरावर थर चढवतो, त्या थरांच्या दिशेने ओढलं तर. तुकडा उभा छापून थरांवर ताण दिला की थरच एकमेकांपासून सुटतात, बरंच आधी. तेव्हा दादा, शब्द कुठलाही घ्या, छपाईची दिशा लिहा. नाहीतर गिऱ्हाईक आकडा वाचेल आणि बुश तिसऱ्याच बाजूने फाटेल. टफला ‘चिवट’ चालेल : तुटेपर्यंत किती सोसतं, तो चिवटपणा. नुसती ‘मजबुती’ नाही.

हिंगणा रोड : चिवट घेतो. पण ‘पूर्ण इलॅस्टिक नाही’चं काय?

वऱ्हाडी बाप्पा : ‘वातड’ कसा वाटते? वात म्हणजे हवा. हवा लागून पोळी होते ते वातड.

धरमपेठी : ही व्युत्पत्ती कुठून काढली?

वऱ्हाडी बाप्पा : आजीनं सांगितली. तुमच्या कोशाहून जुनी होती ते.

यंत्रवाली : हवा लागण्यावरून आठवलं. पावसाळ्यात प्रिंटरला लागणाऱ्या टीपीयूच्या तारेचं रीळ उघडं राहिलं की ओल धरतं. नोझलमधून चटचट आवाज येतो, तारेत बुडबुडे होतात, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे सुटतात आणि तुकडा कमी ताणावर तुटतो. ५०-६० अंशांवर काही तास वाळवावं लागतं. पत्रकात ‘रीळ सादळू देऊ नये’ असंही टाका.

इतवारीवाला : ‘सादळणे’ पुण्याचं. नागपुरात चिवडा नरम पडते.

धरमपेठी : ‘नरम’ फारसी आहे.

इतवारीवाला : मग चिवडा कुरकुरीतच ठेवा न बाप्पा!

यंत्रवाली : माझं माहेर भंडाऱ्याचं. आमच्याकडे सादळतोच म्हणतात.

वऱ्हाडी बाप्पा : भंडाऱ्यात चिवड्याले नाही म्हणत ताई, मिठाले म्हणतात.