समर्पण म्हणजे डोकं गहाण ठेवणं का? (निमित्त: पंडिता रमाबाई)

तांबडी_वाट (धागाकर्ता)

लेंट (ईस्टरआधीचा उपवासकाळ) सुरू झाला की चर्चमधल्या प्रत्येक उपदेशात तेच: जुना मनुष्य मरू द्या, प्रभूला शरण जा, नवं जीवन मिळेल. आणि आमच्याकडे घरातलं कोणीतरी हमखास विचारतं, "म्हणजे विचार करणं सोडायचं, असंच ना?"

मला हे अजिबात मान्य नाही. साक्षीला रमाबाईंना उभं करतो.

१८८३ साली इंग्लंडात, वाँटेजच्या मठात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे १९०७ मध्ये आपली साक्ष लिहिताना त्या स्वच्छ सांगतात की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायचा होता. त्याला आणखी आठेक वर्षं गेली. तोवर त्यांची मुलींची आणि विधवांची शाळा, शारदा सदन, निघून मुंबईहून पुण्याला हललंसुद्धा होतं! जगाच्या लेखी बाई कधीच 'बाटल्या' होत्या, पण आतलं घडायचं ते अजून राहिलंच होतं. आपण लायक झाल्याशिवाय देव पदरात घेणार नाही, हा हिशेब त्यांनी मिटवला तेव्हा ते घडलं. मी समर्पण म्हणतो ते याला.

आता मधल्या काळातल्या बाई बघा. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला पत्रव्यवहार उपलब्ध आहे. गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नको, यावरून वाद. अंडं घातलेलं पुडिंग खाणार नाही, यावरून वाद. त्रैक्याच्या (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव) सिद्धान्तावर तर पत्रंच्या पत्रं. समोरून 'गर्विष्ठ' हा शेरा आला तरी बाई हटल्या नाहीत. ख्रिस्तापुढे वाकलेली ही बाई मठापुढे वाकली नाही. बायबलातल्या रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात ख्रिस्ताबरोबर पुरलं जाऊन नव्या जीवनात चालायचं म्हटलंय. चालायला पाय स्वतःचेच लागतात.

खडूफळा

लेख छान, पण वकिली आहे. दोन हरकती.

एक, साक्ष ही नेहमी नंतर लिहितात. सोळा वर्षांनी मागे वळून बघितलं की कोणालाही आपल्या आयुष्यात एक वळण दिसतं. विपश्यनेला जाऊन आलेला माझा मित्रही अगदी असंच सांगतो.

दुसरी हरकत मोठी. रमाबाई म्हणजे कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' पदवी दिलेली बाई. त्यांना सिस्टरशी भांडणं परवडलं. १९०५ मध्ये केडगावला, रमाबाईंच्या मुक्ती मिशन या आश्रमात जे धार्मिक 'जागरण' झालं, शेकडो मुली ढसाढसा रडत मोठ्याने पापं कबूल करत होत्या, त्यातल्या किती जणींना 'मला नाही पटत' म्हणायची सोय होती? छप्पर संस्थेचं, ताट संस्थेचं. याला समर्पण म्हणायचं की आणखी काही? रानडे-भांडारकरांसारखी माणसं १८९३ मध्ये शारदा सदनाच्या सल्लागार मंडळातून उगाच बाहेर पडली नाहीत.

केडगाव_लोकल

@खडूफळा, ताटाचा मुद्दा जरा तपासा. मध्य प्रांतातल्या दुष्काळातून रमाबाईंनी मुली आणल्या १८९६-९७ मध्ये. १९०५ पर्यंत त्या जेवतच होत्या की! न रडणाऱ्या मुलीचं ताट काढून घेतल्याचं निदान माझ्या वाचनात नाही. शिवाय रडून झाल्यावर त्या काय करत होत्या? माग, शेती, छापखाना. रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं, त्याच्या छपाईचं काम याच मुलींनी केलं. छपाईचे खिळे उलट्या अक्षरांत वाचून जुळवणारी मुलगी डोकं गहाण टाकलेली वाटत नाही हो.

खडूफळा

ताट काढून घ्यावं लागतच नाही. शेजारच्या सगळ्या रडत असताना एकटीने कोरडं बसणं किती अवघड असतं, हे कुठल्याही सत्संगात बसून पाहा. आणि खिळे जुळवणं हे कौशल्य झालं, संमती नव्हे.

शेवंती

मी ख्रिस्ती घरातली. दोन्ही बाजूंनी फार पुस्तकी चाललंय.

आमच्यात 'समर्पण' बहुतेक वेळा बाईला ऐकवतात. माझी काकू नवऱ्याचा मार खाऊन प्रार्थनेला जायची. तिथे तिला सांगितलं गेलं, "प्रभूवर सोपव, तुझ्यातला मीपणा मेला की तो बदलेल." काकूतला मीपणा केव्हाच मेला होता. काका शेवटपर्यंत जिवंत आणि ठणठणीत.

रमाबाईंऐवजी लक्ष्मीबाई टिळकांकडे बघा ना. त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. नवा जन्म त्यांचा, आणि कळा? मूल घेऊन नातेवाइकांच्या दारी राहिल्या लक्ष्मीबाई. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० चा. एकाच्या शरणागतीचं बिल दुसऱ्याच्या नावावर फाटतं, त्याचा उपदेश कोणी करत नाही.

अर्धा_वारकरी

टिळकच म्हणत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. मग पूल ओलांडायची गरज काय होती? शरण जाणं आमच्या अभंगांत पानोपानी आहे. त्यासाठी बायको-पोर टाकून मिशनच्या कंपाउंडात कशाला?

तांबडी_वाट

@अर्धा_वारकरी, टिळकांनाही ते कंपाउंड पुढे पुरेना. १९१७ मध्ये मिशनचं काम सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. मिशनला ते रुचणं कठीणच होतं. म्हणजे टिळक काय, रमाबाई काय, ख्रिस्ताला शरण गेलेला माणूस संस्थेला जड जातो, हा माझा मुद्दा उलट पक्का होतो.

@शेवंती, तुमच्या काकूंना जे सांगितलं तो सरळ अधर्म होता. गलतीकरांस पत्रात 'मी ख्रिस्ताबरोबर वधस्तंभावर खिळलेला आहे' हे प्रेषित पौल स्वतःबद्दल म्हणतो. दुसऱ्याला खिळे ठोकायची परवानगी त्यात नाही. लग्नात इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय बावीसाव्या वचनापासून वाचतात, बायकांनी पतीच्या अधीन असावं म्हणून. त्याच्या आधीचं एकविसावं वचन एकमेकांच्या अधीन राहायला सांगतं. आमच्या चर्चच्या मंडळीतही ते गाळतात, आणि मी हे बोललोय.

शेवंती

बोललात, मग पुढे? वाचायला लागले का?

तांबडी_वाट

अजून नाही. कमिटीत विषय आहे.

खडूफळा

@शेवंती, कमिटीत विषय आहे म्हणजे संपलंच.