मदत हवी आहे: जुन्या पत्त्यावर लागलेला सीसीजे (काउंटी कोर्टाचा पैसे भरण्याचा निकाल) रद्द कसा करावा? (इंग्लंड)

नमस्कार मंडळी. पार्किंग कंपनीच्या दाव्याचे कागद जुन्या पत्त्यावर गेले, उत्तर न गेल्याने काउंटी कोर्टाने एकतर्फी निकाल दिला. महिन्याभरात पूर्ण रक्कम भरली की निकालाची नोंद (जी क्रेडिट इतिहासात दिसते) पुसली जाते, पण ती मुदत टळली. आता भरल्यास फक्त 'सॅटिस्फाइड' (रक्कम भरली) शेरा. नोंद निकालापासून ६ वर्षं राहणारच. म्हणून एन२४४ फॉर्म (कोर्टाकडे करायचा अर्ज) भरून निकाल सेट असाइड (रद्द) करायचा आहे.

शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावर पाठवलेले कागद सहसा पोचले असंच धरतात. पण कंपनीला नवा पत्ता दाव्याआधीच ईमेलने कळवला होता. तेवढ्यावर दिवाणी प्रक्रिया नियमांतला (सीपीआर) नियम १३.२ (निकाल चुकीने लागला असेल तर कोर्टाला तो रद्द करावाच लागतो) लागू होईल, की १३.३ (बचावात दम असेल तर कोर्ट रद्द करू शकतं) खाली बचावही मांडावा? दोन्ही एकाच अर्जात चालतात का? नव्या पत्त्याच्या पुराव्याला कौन्सिल टॅक्सचं (स्थानिक घरपट्टीसारखा कर) बिल पुरेल?

(पैसे घेऊन 'क्रेडिट दुरुस्त' करणारे कृपया नकोत.)