‘स्नातक’ म्हणजे ज्ञानात न्हालेला?

प्रश्न
मराठीत आपण ‘पदवीधर’ म्हणतो, हिंदीत त्याच अर्थी ‘स्नातक’ रूढ आहे. त्याच्या मुळाशी ‘स्ना’, म्हणजे न्हाणे, हा धातू आहे हे उघड आहे. परंतु ‘जो ज्ञानात न्हाला तो स्नातक’ हे नेहमी दिले जाणारे स्पष्टीकरण मूळचे आहे की मागाहून जोडलेले? आणि या दोन शब्दांच्या अर्थांत काही फरक आहे का?

पहिले उत्तर
ते स्पष्टीकरण मागाहून सुचलेले दिसते, कारण येथील स्नान अगदी खरेखुरे, पाण्याचे आहे. गुरुगृही अध्ययन संपले की समावर्तन, म्हणजे घरी परतण्याचा संस्कार, होत असे. त्यात ब्रह्मचारी मेखला आणि दंड यांचा त्याग करून विधिपूर्वक स्नान करी आणि त्यानंतर त्याला गृहस्थाश्रमात प्रवेश करण्याची मोकळीक मिळे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायातही गुरूच्या अनुमतीने स्नान करून, समावर्तन झाल्यावर विवाह करावा, असा क्रम सांगितला आहे. याहून निर्णायक पुरावा पारस्कर गृह्यसूत्रात, म्हणजे घरगुती संस्कारांचे विधी सांगणाऱ्या एका प्राचीन ग्रंथात, मिळतो. तेथे स्नातकांचे तीन प्रकार आहेत: वेदाध्ययन पुरे केले पण व्रताचा काळ पुरा केला नाही तो विद्यास्नातक, व्रताचा काळ पुरा केला पण अध्ययन अपुरे राहिले तो व्रतस्नातक, आणि दोन्ही पुरे केले तो विद्याव्रतस्नातक. अध्ययन अपुरे राहिलेल्यालाही जर स्नातक म्हणत असतील, तर ‘ज्ञानात न्हालेला’ हा अर्थ टिकत नाही.

दुसरे उत्तर
वरील विवेचन पटते. मात्र ज्ञानात बुडी मारण्याची कल्पना संस्कृतात नव्हती असे समजू नये. ती ‘निष्णात’ या शब्दात आहे आणि तोही ‘स्ना’ धातूपासूनच आला आहे. ‘नि’ उपसर्गानंतर या धातूतील ‘स’चा ‘ष’ कौशल्याच्या अर्थी होतो, असे पाणिनीने एका स्वतंत्र सूत्रात सांगितले आहे. म्हणजे लोक जो अर्थ ‘स्नातक’ला चिकटवतात, तो त्याच्या या भावंडाचा आहे. ‘पारंगत’, म्हणजे पैलतीरी पोहोचलेला, हाही याच पाण्यातला शब्द.

तिसरे उत्तर
फरकाविषयी थोडेसे. संस्कृतात ‘पदवी’ म्हणजे आधी वाट, आणि पुढे स्थान किंवा दर्जा. त्यामुळे ‘पदवीधर’ हा शब्द मिळालेला दर्जा सांगतो, तर ‘स्नातक’ हा संपलेला टप्पा सांगतो. विद्यापीठ पदवी प्रदान करते, तेव्हा आजच्या व्यवस्थेला ‘पदवीधर’ अधिक नेमका वाटतो. आणखीही पर्याय सुचले होते: महर्षी कर्वे यांनी १९१६ साली स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाच्या पदवीचे नाव ‘गृहीतागमा’, म्हणजे जिने शास्त्र ग्रहण केले आहे ती, असे होते. व्युत्पत्तीच्या दृष्टीने हे नाव मला ‘स्नातक’पेक्षा सरस वाटते, कारण त्यात विद्येचा उल्लेख तरी आहे. राहिला वापर: अभ्यासक्रम अजून चालू असलेल्या विद्यार्थ्याला ‘स्नातक’ म्हणणे मात्र कोणत्याही अर्थाने बरोबर ठरणार नाही.